लिझ्यूची शाळकरी वही

३० सप्टेंबर १८९८ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या लिझ्यू गावच्या कार्मेल मठाने, म्हणजे कार्मेलाइट धर्मभगिनींच्या मठाने, एक पुस्तक प्रकाशित केले. त्याच्या २००० प्रती काढल्या होत्या, आणि एवढ्या प्रती खपतील का, ही शंका मठातच काहींना होती. बरोबर वर्षापूर्वी त्याच मठात क्षयाने गेलेल्या चोवीस वर्षांच्या तेरेझा नावाच्या एका धर्मभगिनीचे ते लेखन होते. ‘एका आत्म्याची कथा’ या नावाचे ते पुस्तक पुढे पन्नासहून अधिक भाषांत गेले, त्याच्या लेखिकेला १९२५ साली संतपद मिळाले, १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला चर्चच्या आचार्यांत (डॉक्टर ऑफ द चर्च) बसवले. आणि आज सव्वाशे वर्षांनंतरही ते नव्याने छापले जाते, नव्याने वाचले जाते. हे कशामुळे झाले असावे, हा प्रश्न महाविद्यालयात असताना ते पुस्तक पहिल्यांदा हाती आले तेव्हापासून माझ्या मनात होता. यंदाच्या सप्टेंबरात संत तेरेझाचे जन्मगाव आणि तिचा मठ पाहण्याचा योग आला, तेव्हा सोबतीला आमच्या शेजारच्या मावशी होत्या. मावशी वसईच्या, आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका म्हणून राबलेल्या, आणि ‘लिटल फ्लॉवर’ची, म्हणजे तेरेझाची, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) लहानपणापासून न चुकता करणाऱ्या. मी पुस्तकाच्या वाटेने निघाले होते, त्या प्रार्थनेच्या वाटेने. त्यामुळे एकाच जागी उभे राहून आम्ही दोघी बहुधा वेगवेगळ्या गोष्टी पाहत होतो.

गुरुवार: आलांसों

पॅरिसच्या माँपार्नास स्थानकावरून ल माँ येथे गाडी बदलून आम्ही दुपारी आलांसोंला पोहोचलो. बहुतेक यात्रेकरू थेट लिझ्यूला जातात आणि हे गाव वगळतात. ज्यांनी पुस्तक वाचले आहे किंवा वाचायचे आहे, त्यांनी ते वगळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कारण पुस्तकाच्या पहिल्या भागातली सारी ऊब या गावातून आलेली आहे.

सें-ब्लेझ रस्त्यावर, प्रीफेक्चरच्या (जिल्हा प्रशासनाच्या) भव्य वाड्यासमोर, मार्तां कुटुंबाचे विटांचे बेताचे घर आहे. २ जानेवारी १८७३ रोजी तेरेझाचा जन्म इथे झाला. वडील लुई मार्तां घड्याळजी, आई झेली लेसची व्यावसायिक. त्यांना नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच दगावली. उरलेल्या पाचही मुली पुढे धर्मभगिनी झाल्या. तेरेझा सर्वांत धाकटी. झेलीचा व्यवसाय याच घरातून चाले: बायका आपापल्या घरी बसून लेसचे तुकडे विणत, ते इथे आणून देत, आणि ते तुकडे एकमेकांना जोडण्याचे सर्वांत नाजूक काम झेली स्वतः करी. तिची दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत आणि ती वाचताना या बाईची धांदल डोळ्यांसमोर उभी राहते: मागण्या पुऱ्या करायच्या, मुलींची आजारपणे काढायची, आणि रात्री उशिरा दिव्याखाली बसून पत्र लिहायचे. ऑगस्ट १८७७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने ती गेली, तेव्हा तेरेझा साडेचार वर्षांची होती. मावशी झेलीच्या छायाचित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. “त्या काळात या दुखण्याला काय औषध होतं?” एवढेच त्या म्हणाल्या.

तिथून आम्ही कलादालनाला जोडलेल्या लेसच्या संग्रहालयात गेलो. आलांसोंची सुईने विणलेली लेस २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली आहे. एक चौरस सेंटिमीटर विणायला सुमारे सात तास लागतात आणि ही कला पूर्ण आत्मसात करायला सात ते दहा वर्षे जातात, हे वाचून कळते. पण भिंगाखाली तो तुकडा पाहिला तेव्हाच ते पटले. चर्मपत्रावर टोचलेल्या नक्षीच्या कडेने धागा बसवायचा, मग त्या कडांना धरून जाळी आणि पाकळ्या भरायच्या, उठावाच्या कडांत घोड्याचा केस घालायचा, सगळे झाले की चर्मपत्रापासून ती अलगद सोडवायची, आणि शेवटी भरीव भागाला लॉबस्टरच्या नांगीने घासून झिलई द्यायची. जोड कुठे आहे ते भिंगाखालीही मला सापडले नाही. तेव्हाच एक गोष्ट लख्ख जाणवली. तेरेझाचे पुस्तकही असेच जोडलेले आहे. तिने सलग पुस्तक लिहिलेच नव्हते. तीन निरनिराळ्या वेळी, तीन निरनिराळ्या व्यक्तींसाठी लिहिलेले ते तीन मजकूर होते, आणि तिच्या मृत्यूनंतर थोरल्या बहिणीने, पोलीनने, ते एकाच मदरला, म्हणजे मठप्रमुखाला, उद्देशून लिहिल्यासारखे बेमालूम जोडले. आईचे कसब मुलीच्या हाती असे उतरले होते.

संध्याकाळी भुरभुर पाऊस सुरू झाला. एका लहानशा क्रेपच्या दुकानात आम्ही कुट्टूच्या पिठाचे गालेत खाल्ले, सोबत मातीच्या पेल्यांतून मिळणारी सफरचंदाची सायडर. शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना: सॅलड, कीश आणि गालेत यांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सर्रास असतात आणि त्यांचा उल्लेख दर वेळी केलेला असतोच असे नाही. ‘सां लार्दों’ असे आधीच सांगावे. चीज आणि अळंब्यांचे गालेत पोटभर होते.

शुक्रवार: सेमाले आणि लिझ्यूचा प्रवास

सकाळी नोत्र-दाम बॅसिलिकेत गेलो. जुलै १८५८ मध्ये लुई आणि झेली यांचे लग्न मध्यरात्री इथे लागले आणि जन्मानंतर दोनच दिवसांनी तेरेझाचा बाप्तिस्मा इथेच झाला. हे जोडपे १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्र संत म्हणून घोषित झाले. पती-पत्नींना एकाच वेळी असे संतपद मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ मावशींनी मेणबत्ती लावली आणि आपल्या नातवंडांची नावे एकेक करून घेतली.

आलांसोंपासून काही किलोमीटरवर सेमाले नावाचे खेडे आहे. तान्ह्या तेरेझाला आईचे दूध पुरेना, ती हातची जाते की काय अशी वेळ आली, तेव्हा रोझ तायए नावाच्या शेतकरी बाईच्या पदरी तिला सोपवले गेले आणि जवळजवळ वर्षभर ती तिथे वाढली. बसच्या फेऱ्या तुरळक आहेत. टॅक्सी ठरवून जाणे आणि तीच थांबवून घेणे सोयीचे. गावात पाहायला फार नाही. कुरणे, गाई, सफरचंदाची झाडे, आणि आदल्या रात्रीच्या पावसाने निथळणारे गवत. पण शहरातल्या घरी परत आणलेली ही पोर बाजाराच्या दिवशी लोणी विकायला आलेल्या रोझला बिलगायची, हे झेलीच्या पत्रांतून ज्याने वाचले आहे, त्याला ती कुरणे रिकामी वाटणार नाहीत. पुस्तकात पुढे पानोपानी फुले, पाखरे, गवत, हिमकण येतात. काही वाचकांना ते गोडगोड वाटते, मलाही पूर्वी वाटत असे. इथे आल्यावर ध्यानात आले की ती तिची खरीखुरी भूमी होती; तिने अलंकार म्हणून ती बाहेरून आणलेली नव्हती.

आलांसोंच्या घरातला एक प्रसंग तिने लिहिला आहे. थोरली बहीण लेओनी बाहुल्यांच्या कपड्यांची आणि चिंध्यांची टोपली घेऊन आली आणि धाकट्या दोघींना म्हणाली, काय हवे ते घ्या. सेलीनने एक गोंड्याची दोरी उचलली. तेरेझाने क्षणभर विचार केला आणि आपल्याला सगळेच हवे असे सांगून टोपलीच उचलली. अशा बाळपणीच्या हट्टाला किती लेखकांनी हसून सोडून दिले असते! तिने त्यात आपल्या सबंध आयुष्याचे बीज पाहिले. पुढे १८९६ च्या सप्टेंबरात बहीण मारी हिच्यासाठी लिहिलेल्या दुसऱ्या भागात, आपल्याला धर्मगुरू, योद्धा, धर्मप्रसारक, हुतात्मा असे सगळेच एकदम व्हायचे आहे, हे ती तळमळून सांगते आणि या साऱ्या वाटा प्रेमात एकवटतात, या निष्कर्षाला येते. टोपली उचलणारी तीच मुलगी तिथेही बोलते आहे. आध्यात्मिक आत्मकथनांत बालपण पुष्कळदा पापाची किंवा चमत्काराची प्रस्तावना म्हणून येते. इथे ते बालपण म्हणूनच येते, आणि तरी विचाराचा पाया ठरते.

दुपारच्या गाडीने, वाटेत बदल करून, आम्ही लिझ्यूला पोहोचलो. ज्यांना आलांसोंला जायचे नाही, त्यांना पॅरिसच्या सें-लाझार स्थानकावरून थेट गाडीने पावणेदोन तासांच्या आसपास लिझ्यू गाठता येते. मठाला लागूनच यात्रेकरूंसाठी ‘एर्मिताज सेंत-तेरेझ’ हे निवासस्थान आहे. खोल्या साध्या आणि स्वच्छ आहेत आणि मठाचे चॅपेल अगदी जवळ पडते. सप्टेंबरच्या अखेरीस सणानिमित्त गर्दी होते, तेव्हा जागा बरीच आधी राखून ठेवावी.

शनिवार: बाजार आणि ले ब्विसोने

लिझ्यू हे चित्रातले जुने नॉर्मन गाव असेल अशा अपेक्षेने कोणी जाऊ नये. जून १९४४ च्या बॉम्बवर्षावात गावाचा फार मोठा भाग बेचिराख झाला आणि आज दिसणाऱ्या बऱ्याचशा इमारती युद्धानंतरच्या, काँक्रीटच्या आहेत. कार्मेल मठ, बॅसिलिका, सें-पिएर कॅथीड्रल आणि तेरेझाचे घर एवढे मात्र वाचले. शनिवारी सकाळी चौकात बाजार भरतो. लिव्हारो, पों-लेव्हेक आणि कामांबेर ही तिन्ही चीजे या परिसरातली. लिव्हारोचा वास उग्र, पण चव त्या मानाने सौम्य. एका आजींच्या टपरीवर आम्हाला तरगूल मिळाले. दूध, तांदूळ, साखर आणि दालचिनी मातीच्या खोल भांड्यात घालून मंद भट्टीत पाच-सहा तास ठेवतात आणि वर गडद तपकिरी साय धरते. ती साय आधी फोडायची की शेवटी, यावर त्या आजी आणि त्यांचे गिऱ्हाईक यांच्यात आमच्यासमोरच मतभेद झाला. मावशींनी खाणाखुणांनी कृती विचारून घेतली आणि भांड्याची खोली बोटांनी मोजूनही पाहिली.

तिथून चढावर ‘ले ब्विसोने’ आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर नोव्हेंबर १८७७ मध्ये लुई मार्तां पाच मुलींना घेऊन या घरात राहायला आले, आणि तेरेझा मठात जाईपर्यंत इथेच वाढली. विटांचे, झाडांनी वेढलेले, वर बसून वाचायला वडिलांची छोटी खोली असलेले. आत जेवणघर, खेळणी, १८८३ च्या मे महिन्यात आजारी तेरेझाकडे पाहून हसलेल्या मरियामातेच्या मूर्तीची प्रतिकृती. मूळ मूर्ती मठाच्या चॅपेलमध्ये आहे.

मी सर्वांत जास्त वेळ जिन्यापाशी थांबले. १८८६ च्या नाताळच्या रात्री मिस्साहून परत आल्यावर, चुलीजवळ ठेवलेल्या बुटांत भेटवस्तू असतील म्हणून चौदावे वर्ष संपत आलेली तेरेझा हरखली होती. थकलेले वडील वैतागून म्हणाले, बरे झाले, हे यंदा शेवटचे. ती टोपी काढायला जिना चढत होती आणि तिने ते ऐकले. एरवी एवढ्यातेवढ्यावर रडणारी ती मुलगी. सेलीन तिला म्हणाली, आत्ता खाली जाऊ नको. पण तेरेझाने डोळे पुसले, ती खाली आली आणि हसत हसत एकेक वस्तू बुटांतून काढू लागली. पुढे हीच रात्र तिने आपल्या परिवर्तनाची रात्र म्हणून लिहून ठेवली. संत ऑगस्टीनच्या आत्मकथनात मिलानच्या बागेत अश्रूंचा पूर लोटतो. इथे एका मध्यमवर्गीय घराच्या अरुंद जिन्यावर अश्रू आवरले जातात. मला वाटते, या पुस्तकाला सामान्य माणसांचा एवढा प्रतिसाद मिळाला त्याचे एक मोठे कारण या जिन्यावर आहे. अशा परिवर्तनाला संत पॉलसारखी दमास्कसची वाट लागत नाही. घरातल्या माणसाचा एक दुखावणारा शब्द गिळण्याएवढी जागा पुरते, आणि ती जागा प्रत्येकाच्या घरात असते.

मागच्या बागेत वडिलांपुढे बसलेल्या तेरेझाचा पुतळा आहे. मे १८८७ मध्ये, पेंटेकॉस्टच्या दिवशी, पंधरा वर्षे पुरी व्हायच्या आत कार्मेलमध्ये जाण्याची परवानगी तिने इथे मागितली. वडिलांनी भिंतीवरचे एक लहानसे पांढरे फूल मुळासकट उपटून तिच्या हाती दिले. वरिष्ठ नाही म्हणाले, म्हणून ती त्याच नोव्हेंबरात वडिलांबरोबर रोमला गेली आणि पोप लिओ तेरावे यांच्यापुढे, बोलायची मनाई असताना, बोलली. शेवटी रक्षकांनी तिला उचलून बाजूला नेले. ९ एप्रिल १८८८ रोजी ती मठात गेली. गरीब गाय म्हणून जिच्या चित्रांची पूजा होते, ती मुलगी इतकी जिद्दी होती हे चित्रांतून कळत नाही. ते पुस्तकच सांगते.

रविवार: टेकडीवरची बॅसिलिका

सकाळपासून पाऊस होता. छत्री आणि चढाला न घसरणारे बूट ही इथली खरी गरज. सप्टेंबरातही अंगावर लोकरी काही असू द्यावे. बॅसिलिकेचे काम १९२९ मध्ये सुरू झाले, १९३७ साली कार्डिनल पाचेल्ली यांनी, म्हणजे पुढचे पोप बारावे पायस यांनी, तिला आशीर्वाद दिला, आणि १९५४ साली तिचा अभिषेक झाला. नव्वद मीटरहून उंच घुमट, मोज़ेकने मढवलेल्या भिंती, सगळे जगभरातल्या देणग्यांतून उभे राहिलेले. मावशींना ती फार भावली. “माझ्या आईनं इतकं नवस केलेलं, तिनं हे बघायला हवं होतं,” त्या म्हणाल्या, आणि मिस्साभर त्यांचे डोळे भरलेले होते. मला तिथे थोडे परके वाटले, हे मी मोकळेपणाने लिहिते. लहानसहान गोष्टी प्रेमाने करण्याच्या ‘लहान वाटेचा’ पुरस्कार करणाऱ्या लेखिकेच्या नावाने एवढी प्रचंड वास्तू, हा विरोध मन काही केल्या मिटवीना.

तो मिटवला तळघरातल्या एका कुटुंबाने. लुई आणि झेली यांचे अवशेष जिथे ठेवले आहेत, तिथे पॅरिसजवळ राहणारे एक व्हिएतनामी कुटुंब बसले होते: आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मुलाला इंग्रजी येत होते. त्याने सांगितले की आजी सायगावच्या कार्मेलजवळ वाढल्या. तो मठ १८६१ मध्ये याच लिझ्यूच्या मठातून गेलेल्या भगिनींनी स्थापला, आणि तेरेझालाही व्हिएतनामच्या मठात जाण्याची ओढ होती. आजाराने ते राहून गेले. आजींनी पिशवीतून पुस्तक काढले. कडा झिजलेल्या, मधली पाने सुटून दोऱ्याने शिवलेली. देश सोडताना त्यांनी ते सोबत आणले होते. एवढ्या लोकांनी एवढ्या प्रेमाने जपलेल्या गोष्टीला एखादे मोठे घर बांधले गेले, तर त्यात विरोध शोधण्याचे मला काय कारण, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटले.

मावशींनी त्या कुटुंबाला जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबद्दल सांगितले. हे दोघे १९२७ पासून मिशनकार्याचे जोडीचे आश्रयदाते आहेत: एक अर्धे जग पालथे घालून आलेला, दुसरी मठात गेल्यावर त्याच्या भिंतीबाहेर न पडलेली. मृत्यूच्या वर्षी, १८९७ च्या मार्चमध्ये, मरणानंतरही पृथ्वीवर भले करता यावे म्हणून तेरेझाने झेवियर यांचीच नोव्हेना केली होती, हे मी मावशींना सांगितले, तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आमच्या गोव्याच्या सायबाकडेच मागितलं की तिनं!”

सोमवार: कार्मेल

शेवटचा पूर्ण दिवस आम्ही मठासाठी ठेवला होता आणि सर्वांना तसेच सुचवीन. सोमवारी गर्दी ओसरलेली असते. चॅपेलच्या उजवीकडे काचेच्या पेटीत तेरेझाची निजलेली प्रतिमा आणि खाली तिचे अवशेष आहेत. भिंतींवर कृतज्ञतेच्या संगमरवरी पाट्या दाटीवाटीने लावलेल्या आहेत. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक हे पुस्तक आणि तिचे चित्र खिशात बाळगत, आणि या मठात रोज शेकड्यांनी पत्रे येऊ लागली. मठाचा आतला भाग अर्थातच बंद आहे; आजही तिथे भगिनी राहतात.

शेजारच्या प्रदर्शनात सेलीनने काढलेली छायाचित्रे आहेत. १८९४ साली वडील वारल्यावर ती मठात आली ती कॅमेरा घेऊन, म्हणून हे सारे जपले गेले. ३० ऑगस्ट १८९७ चे एक छायाचित्र आहे: चाकांच्या पलंगावर तेरेझाला बाहेर ओवरीत आणले आहे आणि ती क्रूसावर गुलाबाच्या पाकळ्या सोडते आहे. त्या चित्राच्या किती तरी प्रती मी पाहिल्या होत्या. मावशींनी ते परिचारिकेच्या नजरेने पाहिले. गळ्याजवळचे खळगे, गालांची हाडे, उशांची उंची त्यांनी निरखली. “आडवं झोपता येत नसणार. श्वास लागत होता तिला. महिनाभरात गेली ना?” बरोबर एक महिन्याने ती गेली होती. “मॉर्फीन?” मी म्हटले, त्याची इंजेक्शने मिळाली नव्हती. मावशी काही बोलल्या नाहीत; पण त्यानंतर त्या प्रत्येक पाटीसमोर थांबून तारखा वाचू लागल्या.

लेखनाची हकीगत इथेच मांडायला हवी. १८९४-९५ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी शेगडीभोवती बसलेल्या बहिणींना तेरेझा बालपणीच्या गोष्टी सांगत होती. मारीने पोलीनला, जी तेव्हा मठाची मदर होती, सुचवले की हिला हे लिहून काढायला सांगा. तेरेझाला ती थट्टा वाटली. पण आज्ञा झाली, म्हणून तिने साधी स्वस्त शाळकरी वही घेतली आणि दिवसाची कामे व प्रार्थना आटोपल्यावर, मांडीवर लिहिण्याची पेटी घेऊन, वर्षभर फावल्या वेळात लिहिले. जानेवारी १८९६ मध्ये प्रार्थनेला जाताना गुडघे टेकून तिने ते पोलीनच्या हाती दिले. पोलीनने ते ठेवून दिले आणि कित्येक आठवडे वाचलेही नाही. तेरेझाने कधी विचारले नाही. कुणी वाचेल न वाचेल याची फिकीर नसलेल्या लेखनात जो मोकळेपणा येतो, तो या पानांत आहे. आपल्याकडे सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांत तो जाणवतो: संसारात सोसलेला छळ आणि विठ्ठलाची ओढ एकाच श्वासात सांगणारा. दोघींचे जग वेगळे, धर्म वेगळा, पण स्वतःला थोर न दाखवता स्वतःबद्दल बोलण्याची रीत एक.

मठातले प्रसंग तर याहून साधे आहेत. प्रार्थनेच्या वेळी मागे बसलेली एक भगिनी सतत बारीक किटकिट आवाज करी. तेरेझाला घाम फुटे, मागे वळून पाहावेसे वाटे, शेवटी तिने तो आवाजच लक्ष देऊन ऐकायचा आणि देवाला अर्पण करायचा ठरवले. धुण्याच्या दिवशी समोरची भगिनी कपडे आपटताना घाणेरडे पाणी तिच्या तोंडावर उडवी. तिने तोंड पुसायचे टाळले. एका वयस्कर, चिडखोर भगिनीला रोज संध्याकाळी हात धरून जेवणघरात न्यायचे, तिला हवे तसेच धरायचे, आणि शेवटी पाव कापून द्यायचा. हे वाचताना वसतिगृहात, एकत्र कुटुंबात, रुग्णालयाच्या वॉर्डात राहिलेल्या प्रत्येकाला आपले कुणी ना कुणी आठवते. मावशींना रात्रपाळीची एक सहकारी आठवली, आणि तिचे नाव घेऊन त्या पोटभर बोलल्या.

पण पुस्तक टिकले ते केवळ या गोडव्यावर, असे मला वाटत नाही. १८९६ च्या गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री तिला रक्ताची गुळणी आली, आणि त्याच ईस्टरच्या सुमारास तिच्या श्रद्धेवर अंधार पसरला, तो शेवटपर्यंत उठला नाही. स्वर्ग आहे हा विचार, जो लहानपणापासून तिचा आनंद होता, तोच यातना झाला. समोर आभाळापर्यंत भिंत उभी आहे, आणि मरणानंतर शून्याची आणखी गडद रात्र आहे, असे अंधार तिला हिणवून सांगतो, हे तिने जून १८९७ मध्ये तेव्हाच्या मठप्रमुख मदर मारी द गोंझाग यांच्यासाठी लिहिलेल्या तिसऱ्या भागात स्पष्ट लिहिले. जे देव मानत नाहीत, त्यांच्याच पंगतीला आपण बसलो आहोत, त्यांना आपली भावंडे म्हणतो, आणि देव सांगेपर्यंत तिथून उठणार नाही, असे तिने म्हटले. याहून जास्त लिहिले तर देवनिंदा होईल, या भीतीने ती तिथे थांबते. श्रद्धेचा ताठा नसलेले हे पान आहे. ज्यांची श्रद्धा डळमळीत आहे त्यांनाही हे पुस्तक परके वाटत नाही, ते या पानामुळे. कोलकात्याच्या मदर तेरेझा यांनी आपले नाव हिच्यावरून घेतले, आणि त्यांनीही आतला दीर्घ अंधार सोसला, हे त्यांची पत्रे प्रसिद्ध झाल्यावर जगाला कळले.

हा भाग तिने बागेत, चेस्टनटच्या झाडांखाली, वडिलांच्या जुन्या चाकाच्या खुर्चीत बसून लिहिला. गवत कापणीचे दिवस होते. येणारी-जाणारी प्रत्येक भगिनी थांबून दोन शब्द बोले, आणि दहा ओळी सलग लिहिता येत नाहीत, हे तिने हसतमुखाने मजकुरातच नोंदवले आहे. अखेरीस शाईची दौत पेलवेना, म्हणून शेवटची पाने पेन्सिलीने आहेत. ती पूर्ण झाली नाहीत, ‘विश्वास आणि प्रेम’ या शब्दांपाशी संपतात.

मठाच्या पुस्तकविक्री केंद्रात एका वृद्ध स्वयंसेविकेने आम्हाला हस्तलिखितांची छायाप्रत दाखवली. तिरकी, नेटकी अक्षरे. तिसऱ्या भागात ती मोठी आणि सैल होत जातात, आणि मग ती फिकट पेन्सिल. मावशींनी चष्मा पुसून ते पान पुन्हा पाहिले. त्या बाईंनी समजावले की १८९८ च्या आवृत्तीत पोलीनने हजारो ठिकाणी शब्द सुधारले, ओळी गाळल्या, भाषा नितळ केली. तेरेझाने तशी मुभा दिली होती, आणि पोलीनच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण १९५६ मध्ये मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी प्रसिद्ध झाली, तेव्हा गुळगुळीत संतचित्रामागची ठाम, विनोदी, थकलेली, अंधारात चाचपडणारी बाई वाचकांना भेटली. मला हे फार महत्त्वाचे वाटते. मूळ मजकूर बाहेर आल्यावर एखाद्या भाविक पुस्तकाची आब कमी होण्याची भीती असते. इथे ती वाढली. तेव्हा जे पुस्तक विकत घेतील, त्यांनी प्रस्तावना पाहून भाषांतर मूळ हस्तलिखितांवरून केले आहे याची खात्री करून घ्यावी. मठाच्या अभिलेखागाराने हस्तलिखितांची पाने इंटरनेटवरही ठेवली आहेत. आणि पहिल्यांदाच वाचणार असाल, तर बालपणाचा भाग रेंगाळतो आहे असे वाटल्यास पुस्तक मिटू नका. थेट तिसरा भाग वाचा आणि मग मागे या.

मावशींनी इंग्रजी प्रत घेतली आणि पॅरिसच्या गाडीत तिसरा भाग उघडला. एव्ह्रो मागे पडेपर्यंत त्या वाचत होत्या. मग बोट पानात ठेवून म्हणाल्या, “अगं, इतकी वर्षं नोव्हेना करते आहे, हे भिंतीचं पान आम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही.” ऑक्टोबरात रोझरीच्या महिन्यात आळीतल्या बायका त्यांच्या अंगणात जमतात, तिथे या वेळी ते पान मराठीत वाचायचे, असे त्यांनी ठरवले आणि भाषांतराचे काम माझ्याकडे दिले.